डावीकडून जा, म्हणाले लेफ्टनंट कपाटे

गळ्याला चिमटा घेऊन सांगते, देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेवर हात ठेवून सांगते, वर आणखी कुणाची शप्पथ हवी असेल तर तीही घेते: यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे! ज्याला पटणार नाही त्यानं आत्ताच उठून जावं, आणि पुन्हा माझ्याकडे शंकरपाळे मागायला येऊ नये.

तर ब्रिगेडियर इंगवले माझ्या खोलीच्या दारात उभे होते आणि बूट काढायला तयार नव्हते.

“बाई, बर्फात मी बूट काढले नाहीत. गोळीबारात काढले नाहीत. एकदाच काढले, स्वतःच्या लग्नात, तर मेव्हणीनं पळवले. तेव्हापासनं कुणाच्या दारात काढत नाही.”

“साहेब, आत यंत्र आहे. त्याला धूळ चालत नाही.”

“मला ते यंत्र चालतंय का, हे कुणी विचारलं?”

“आत गारवा आहे हो,” मी म्हटलं.

मे महिना होता. बाहेर डांबर वितळत होतं. साहेब मुकाट्यानं पायरीवर बसले आणि बूट काढले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. इंगवले साहेबांचा आवाज असा, की ते छावणीत शिंकले तर वेशीबाहेरच्या आमराईत कैऱ्या पडायच्या. पण मी अंगठ्याकडे बघितलेलं त्यांनी बघितलं आणि ते एवढेसे झाले.

“हे बाहेर बोलायचं नाही, फणसळकर बाई.”

“माझ्या पोटात सगळं राहतं, साहेब.”

हे ऐकायला माझी सासू असती तर फेफरं येऊन पडली असती. असो.

कोणती छावणी ते विचारू नका, तिथली माणसं अजून आहेत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझ्या ताब्यात एक यंत्र होतं, भिंतभर, पाच-सहा लोखंडी कपाटं शेजारी शेजारी उभी केल्यासारखं. त्याला सांगायचं की आपले जवान किती, शत्रूचे किती, डोंगर कुठे, नाला कुठे, आणि मग ते खडखड करत लांबलचक कागद छापून सेनापतीला सांगायचं की काय करा. निर्णयाला मदत करणारं यंत्र. ते शिकायला मला बंगलोरला पाठवलं होतं. तिथून आले तेव्हा मी यंत्राच्या अशा प्रेमात होते की आमचे हे म्हणाले, कुमुद, तू त्याला घरी जेवायला तरी बोलव. खोलीत गारवा एवढा, की आमचा शिपाई ऐन मेमध्ये माकडटोपी घालून बसायचा आणि माझ्या डब्यातल्या दह्यावर बर्फ जमायचा.

आणि त्या यंत्राला हुद्दा होता. हसू नका. लष्करात एक रीत आहे: सेनापतीनं सल्ला विचारला की सगळ्यात धाकटा अधिकारी आधी बोलतो, मग त्याच्यावरचा, मग त्याच्यावरचा. म्हणजे मोठ्यांचं ऐकून धाकट्यांनी माना डोलवायला नकोत. मग यंत्र कधी बोलणार, असा प्रश्न आला. ते तर कालच आलेलं. म्हणून जनरल ग्रेवाल साहेबांनी त्याला सगळ्यात धाकटा, सेकंड लेफ्टनंट केला, आणि रंगाऱ्यानं कपाटाच्या खांद्यावर एक चांदणी काढली. जवान त्याला लेफ्टनंट कपाटे म्हणायचे. जाता-येता सॅल्यूटसुद्धा ठोकायचे.

ग्रेवाल साहेब छावणीतले सगळ्यात मोठे. उंचीनंही. माझ्या दाराच्या चौकटीला त्यांच्या कपाळासाठी गादी बांधून ठेवली होती. त्यांनी एक मोठा युद्धसराव ठरवला. निळी सेना इंगवल्यांची, तांबडी सेना दिघ्यांची. मध्ये एक लांबोडका डोंगर, दोन बाजूंना दोन तळ. जो दुसऱ्याचा तळ घेईल तो जिंकला.

हे ब्रिगेडियर दिघे म्हणजे दुसरं टोक. सडपातळ, चष्मा, मोज्यांनासुद्धा इस्त्री. इंगवले आणि दिघे अकॅडमीत एका खोलीत राहिलेले. सुट्टीत एकमेकांच्या घरी जाऊन राहिलेले. पुढे कुठल्याशा बर्फातल्या ठाण्यावर इंगवल्यांना वाटलं की आज इथे काहीतरी होणार, आणि त्यांनी न विचारता दिघ्यांची माणसं तिथून हलवली. त्याच जागी दरड कोसळली. माणसं वाचली. पण दिघे म्हणाले, नशीब होतं तुझं, याला निर्णय म्हणत नाहीत. इंगवले म्हणाले, मग तू पुस्तकात बघून मर. झालं! तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. एकाच टेबलावर बसले तरी मीठ तिसऱ्याकरवी मागायचे.

आणि गंमत म्हणजे यंत्र एकच! मग ग्रेवाल साहेबांनी तोडगा काढला: सकाळी निळ्यांनी विचारायचं, दुपारी तांबड्यांनी. यंत्राला तोंड नाही, त्याची काळजी नव्हती. मला होतं. म्हणून मला शपथ घालायचं ठरलं. गीता शोधली, मिळेना. शेवटी मला लेफ्टनंट कपाट्यांवरच हात ठेवायला लावला.

“बेटी, नकाशा, आकडे, बेत, कुछ भी बाहर नहीं जाएगा. मुँह खुला, तो नौकरी गई.”

“नहीं खुलेगा, साब.”

“आणि ऐक,” साहेबांना मराठीची हौस होती, “हरलेला ब्रिगेडियर का हरला ते लिहून देईल. यंत्रामुळे हरलो असं लिहिलं, तर यंत्र परत दिल्लीला. तू टायपिंगला.”

मी घरी आले आणि भाजी चिरता चिरता सुरी हातात तशीच राहिली. दोन्ही सेना यंत्रालाच विचारणार. दोघांतला एक तर हरणारच. आणि हरलेला माणूस स्वतःचं नाव थोडंच लिहितो? म्हणजे कोणीही जिंको, माझं यंत्र गेलं होतं. माझ्या नशिबी टायपिंग, “विषय: बादल्यांची दुरुस्ती”.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंगवल्यांची माणसं येऊन सगळी माहिती देऊन गेली. यंत्रानं खडखड केलं आणि छापलं: खिंडीतून समोरासमोर जाऊ नका, सगळी सेना घेऊन डोंगराला डावीकडून वळसा घाला.

दुपारी दिघे आले. बूट काढून जोडीनं नीट लावले. आकडे दिले, कागद घेतला, दोनदा वाचला. त्यांनाही तेच: सगळी सेना घ्या, डावीकडून वळसा घाला.

मी आधी म्हटलं, अरे देवा, आता धडकणार हे. मग लक्षात आलं. समोरासमोर तोंड करून उभ्या असलेल्या दोन माणसांचं डावं एक नसतं! रस्त्यावर आपण सगळे डावीकडून जातो म्हणून तर एकमेकांवर आपटत नाही. हे डोंगराच्या उत्तरेनं जाणार, ते दक्षिणेनं, आणि दोघांनाही समोर मिळणार रिकामा तळ. दोघंही जिंकणार! कोणी हरणारच नाही!

दिघे साहेब गेल्यावर मी शिपायाला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि यंत्राभोवती फुगडी घातली. एकटीनं. जमते.

पण हे सगळं कधी, तर दोघांनीही यंत्राचं ऐकलं तर. दिघ्यांची खात्री होती, त्यांचा आकड्यांवर जीव. इंगवल्यांचं काय?

पुढच्या सकाळी इंगवल्यांनी सल्लामसलत माझ्याच खोलीत ठेवली. गारव्याला. कर्नल, मेजर, कॅप्टन, सगळे मोज्यांवर अर्धगोलात बसलेले. साहेब म्हणाले, “हां, धाकटे आधी. लेफ्टनंट कपाटे, बोला.”

मी कागद वाचला. डावीकडून, सगळी सेना.

“कॅप्टन?”

“डावीकडूनच, सर.”

“मेजर?”

“यंत्राशी सहमत, सर.”

“कर्नल?”

“माझ्याही मनात हेच होतं, सर. आधीपासून.”

साहेब सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. “आजवर मोठ्याचं ऐकून धाकटे माना डोलवायचे,” ते म्हणाले. “आता धाकट्याचं ऐकून मोठे डोलवायला लागले. चला, बाहेर व्हा सगळे. चहा प्या.”

खोलीत राहिलो आम्ही तिघं. साहेब, मी आणि लेफ्टनंट कपाटे.

“बाई, सगळे एका सुरात गायला लागले की माझ्या पाठीला खाज सुटते.”

“मग काय करणार साहेब?”

“निम्मी माणसं तळावर ठेवावी म्हणतो. समजा दिघ्या आलाच, तर स्वागताला.”

निम्मी माणसं मागे राहिली तर दिघे साहेब आयते त्यांच्या हातात सापडणार, हरणार, आणि सुवाच्य अक्षरात यंत्राचं नाव लिहिणार. मी यंत्रावरचे दिवे मोजायला लागले. लाल, हिरवा, लाल.

“काल दुपारी आला होता नव्हं दिघ्या?”

मी कागदाची घडी घालत राहिले.

“काय विचारलं ते नका सांगू. यंत्र काय म्हणालं ते पण नको. एवढंच सांगा, जाताना तोंड कसं होतं त्याचं?”

मी विचार केला. शपथेत नकाशा होता, आकडे होते, बेत होता. तोंड नव्हतं.

“हसले होते जरासे. बूट घालताना.”

“हसला? दिघ्या?” साहेब खुर्चीतून उठलेच. “बाई, अकॅडमीत खोलीत बसून अभ्यास करायचा असला, की हा एरंडेल प्याल्यासारखा दिसायचा. आणि भिंतीवरून उडी मारून पिक्चरला जायचं असलं, की सकाळपासनं गालात हसायचा!”

मग ते मोज्यातल्या अंगठ्याकडे बघत बसले. मला वाटलं, गेलं. आता हा माणूस निम्मी काय, सगळीच सेना घरी ठेवणार आणि दिघ्यांना चारी मुंड्या चीत करणार.

“ठरलं,” ते म्हणाले. “सगळे जाणार. मागं एक माणूस ठेवायचा नाही. बाबूराव सोडून.”

बाबूराव त्यांचा स्वयंपाकी. मला काही उमजेना. शत्रू येणार हे कळल्यावर घर उघडं टाकून कोण जातं? पण मी तोंड उघडलं नाही.

दोन दिवसांनी पहाटे सराव सुरू झाला. यंत्राबद्दल जाब द्यायला जवळ हवी, म्हणून ग्रेवाल साहेबांनी मला जीपमध्ये घातलं आणि डोंगराच्या माथ्यावर नेलं. बरोबर पांढऱ्या फिती बांधलेले पंच. सरावाची पद्धत अशी, की पंचांनी ज्याला हात लावला तो मेला, मग त्यानं झाडाखाली बसून राहायचं. पंच मोठ्या उत्साहात होते.

ऊन वर आलं. उत्तरेकडून धुरळा निघाला, निळे. दक्षिणेकडून धुरळा निघाला, तांबडे. ग्रेवाल साहेबांनी दुर्बीण इकडे लावली, मग तिकडे लावली. मग पुन्हा इकडे. टेनिस बघणाऱ्या माणसासारखी त्यांची मान चालली होती.

“बेटी, ये दोनों जा कहाँ रहे हैं?”

“मला काय ठाऊक साहेब, मी सिव्हिलियन.”

“लेकिन ये मिलेंगे कब?”

ते भेटलेच नाहीत. पंचांना मारायला एकही माणूस मिळाला नाही. बिचारे कंटाळून एकमेकांनाच हात लावत बसले. सूर्य डोक्यावर यायच्या आधी वायरलेस खरखरला.

“इंगवले बोलतोय. तांबड्यांचा तळ घेतला. इथं कुत्रंसुद्धा नाही. ओव्हर.”

हे संपतंय तोच दुसरा आवाज. “दिघे. निळ्यांचा तळ ताब्यात. प्रतिकार शून्य. एक स्वयंपाकी कैद. ओव्हर.”

जनरल साहेबांनी दुर्बीण खाली ठेवली. दाढीतून हात फिरवला. “तो जीता कौन?” त्यांनी पंचांना विचारलं. पंचांनी माझ्याकडे बघितलं. मी ढगांकडे.

आम्ही जीपनं निळ्यांच्या तळावर उतरलो. तिथे शामियान्यात पांढरी चादर घातलेलं टेबल, टेबलावर एकच ताट, आणि ताटासमोर दिघे साहेब पुतळ्यासारखे उभे. शेजारी बाबूराव सॅल्यूट ठोकून.

“हे म्हणतात जेवण तयार आहे,” दिघे म्हणाले.

“होय साहेब. इंगवले साहेबांनी सांगितलंय, गरम आहे तोवर खायला लावा. वालाचं बिरडं हाय, भात, तळलेली सुरमई.”

दिघे साहेबांनी बसून एक घास घेतला. त्यांचा हात थांबला. दुसरा घेतला. मग चष्मा काढून पुसला.

“सर,” ते ग्रेवाल साहेबांना म्हणाले, “बिरडं आयत्या वेळी होत नाही. वाल भिजत घालावे लागतात. मोड यावे लागतात. मग एकेक दाणा सोलावा लागतो.”

“सगळं हेडक्वार्टर सोलत होतं साहेब,” बाबूराव म्हणाला. “कर्नल साहेब पण. नखं दुखली त्यांची.”

“म्हणजे मी येणार हे इंगवलेला दोन दिवसांपासून माहीत होतं,” दिघे म्हणाले. “माहीत असून त्यानं तळ मोकळा ठेवला.”

अगदी बरोबर हिशोब. आणि त्या हिशोबाचं टोक येऊन रुतलं ते माझ्यात. जनरल साहेब सावकाश माझ्याकडे वळले. एवढा उंच माणूस वळायला वेळ लागतो.

“बेटी. त्याला कसं कळलं?”

टायपिंगसुद्धा गेलं होतं आता. “मी तोंड उघडलं नाही साहेब.”

“मग?”

वायरलेस चालूच होता, हे आमच्या कोणाच्याच ध्यानात नव्हतं. पलीकडून ढगफुटी झाल्यासारखा आवाज आला. “सर, बाईंनी तोंड उघडलं नाही! माझी शपथ! त्या दिवशी दिघ्या यंत्राच्या खोलीतनं हसत बाहेर पडला, त्यावरनं मी ओळखलं. ओव्हर!”

“मी?” दिघे म्हणाले. “हसलो?”

“दिघे और हँसा!” ग्रेवाल साहेबांना ती कल्पनाच एवढी आवडली की ते गदगदा हसायला लागले. शामियान्याचा खांब हलला. पंच हसले, बाबूराव हसला. दिघे मात्र कपाळाला आठ्या घालून आठवत राहिले. मग त्यांनी वायरलेसचा माईक उचलला.

“इंगवले.”

“बोल दिघ्या.”

“बिरड्यात नारळ जास्त झालाय. ओव्हर.”

पलीकडे क्षणभर नुसती खरखर. मग, “तुझ्या आईनं जेवढा सांगितला होता तेवढाच घातलाय. नसेल आवडलं तर ठेव, मी येऊन खातो. ओव्हर.”

“ये. पण लवकर ये. सुरमई एकच उरलीय.”

“ओव्हर म्हण की!”

“नाही म्हणत,” दिघे म्हणाले. “बोलत राहा.”

आणि दोन्ही सेना, डोंगराच्या दोन्ही बाजूंना, टोप्या उडवायला लागल्या. खोटं वाटेल, पण एवढ्या टोप्या उडाल्या की घारी घाबरून दुसऱ्या तालुक्यात गेल्या.

ग्रेवाल साहेबांनी निकाल तिथेच दिला. दोघांनी एकमेकांचा तळ घेतला, दोघंही जिंकले. हरलं कोणीच नाही, तर का हरलो ते लिहिणार कोण? लेफ्टनंट कपाट्यांच्या खांद्यावर दुसरी चांदणी रंगवली गेली आणि मी निवृत्त होईपर्यंत त्यांच्या शेजारी बसले.

संध्याकाळी इंगवले साहेब मला पोचवायला जीपपर्यंत आले. मी म्हटलं, “साहेब, तुम्हाला कळलं होतं, तर दबा धरून बसायचं. अख्ख्या छावणीसमोर जिंकला असता.”

“हां. जिंकलो असतो,” ते म्हणाले. “मग दिघ्या पुन्हा बोलला नसता, आणि तुमचं कपाट गेलं असतं दिल्लीला. एका दुपारी दोन माणसं गमवायची, असली लढाई कशाला जिंकायची बाई? यंत्रानं मला जिंकायचं कसं ते सांगितलं. जिंकायचं का, ते मी कुठं विचारलं होतं त्याला?”

झाली गोष्ट. सगळी खरी.

बरं, असं बघू नका माझ्याकडे. एक जागा आहे. एकच. दिघे साहेब त्या दुपारी हसले नव्हते. आले तेव्हा जसे होते तसेच गेले, लाकडासारखे. आणि इंगवले साहेबांनी मला त्यांच्या तोंडाबद्दल काही विचारलंही नव्हतं. त्यांनी विचारलं ते असं: “बाई, समजा मी हिकडनं डावीकडून निघालो, आणि दिघ्या पण तिकडनं डावीकडूनच निघाला, तर?”

मी ओठ घट्ट मिटले. यंत्राकडे तोंड फिरवलं. दिवे मोजायला लागले, लाल, हिरवा, लाल. पण खांदे! खांदे काही केल्या ऐकेनात. गदागदा हलायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं. मागे साहेबही हसायला लागले, आणि बाहेर चहा पिणाऱ्या कर्नलला वाटलं, गारव्यानं दोघांनाही काहीतरी झालं.

दिघे साहेबांचं ते हसू इंगवल्यांनी वायरलेसवर उभ्या उभ्या बनवलं, माझ्यासाठी. मी ते आजवर जपून वापरतेय. पण तोंड नव्हतं हं उघडलं मी. हवं तर शप्पथ घेते.